लुमिनित्साची सॅक

यातला एकही शब्द मी रचलेला नाही. इलिंका माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि तिचं वजन मी स्वतः वहीत लिहून ठेवत आले आहे.

तारीख १२ सप्टेंबर २०१९, गुरुवार. रोमानियातल्या तिमिशोआराचा बसतळ. सकाळचे सव्वानऊ.

इलिंका आणि तिची मैत्रीण कातरिनेल रात्रभर बसने प्रवास करून आमच्या गावाहून, यासीहून, तिथे उतरल्या होत्या. दोघींनी वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. बेलग्रेड, सारायेव्हो, मोस्तार आणि शेवटी स्प्लिटचा समुद्र. सगळं स्वस्तातलं. झोपायला वसतिगृहं, खायला पाव.

बसच्या डिकीत कातरिनेलची सॅक होती.

इलिंकाची नव्हती.

वाटेत कुठेतरी कुणीतरी उचलली होती. ड्रायव्हरने खांदे उडवले. पासपोर्ट आणि पैसे कमरेच्या पाकिटात होते, म्हणून बरं. पण अंथरूण, कपडे, सगळंच गेलं. घरी परतावं लागणार म्हणून इलिंका बाकावर बसून रडत होती.

तेव्हा काळा रुमाल बांधलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात नवीकोरी सॅक होती.

तिने आधी वय विचारलं. इलिंका म्हणाली, बावीस.

"माझी लुमिनित्साही बावीसचीच," बाई म्हणाली. "तिला जाऊन परवा वर्ष झालं. समुद्र बघायचा म्हणून हे सगळं घेतलं होतं तिने. तू घे, पोरी."

आत लाल जाकीट होतं. स्लीपिंग बॅग, ताटली, चमचा. आमच्याकडे मेलेल्यांच्या नावाने असं दान देतात. त्यांच्याच वयाच्या माणसाला. घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. 'देव तिला क्षमा करो' एवढंच म्हणायचं. मग वस्तू तिकडे पोहोचते.

इलिंकाला हे माहीत होतं. पण वसतिगृहांत, दुकानांत, रस्त्यावर दिवसभर आभाराचा जो शब्द तोंडात बसलेला असतो, तोच बाहेर पडला.

"मेर्सी, मावशी," ती म्हणाली.

बाईचा चेहरा उतरला. ती काहीतरी सांगायला लागली... पण बेलग्रेडची मिनीबस सुटत होती. दोघी पळाल्या.

बसमध्ये कातरिनेल खूप हसली. "अगं शहाणे, आता ते तिकडे पोहोचलंच नाही. लुमिनित्साला हवं असेल तर तिला इकडे यावं लागेल."

बेलग्रेडमध्ये पहिल्या सकाळी इलिंकाला थंडीने जाग आली. ती उघड्या गादीवर पडली होती. स्लीपिंग बॅग शेजारी होती.

चेन गळ्यापर्यंत बंद.

तिने चेन उघडून आत हात घातला... आत ऊब होती.

कातरिनेल म्हणाली, झोपेत उकडलं असेल, तूच बाहेर आली असशील. इलिंकालाही ते पटलं.

मग भूक सुरू झाली. ती त्या ताटलीत जेवायची. बुरेकचे, म्हणजे तिकडच्या खिमा भरलेल्या पोळीचे, दोन तुकडे, तीन तुकडे, वर दही. ताटली रिकामी व्हायची, पण पोटात काही गेल्यासारखं वाटायचं नाही. कातरिनेल तिला चिडवायची, "सगळा युगोस्लाव्हिया खाऊन संपवणार आहेस का?"

सहाव्या दिवशी सारायेव्होतल्या एका औषधांच्या दुकानात वजनकाटा दिसला. निघताना ती चोपन्न किलो होती.

काट्यावर एकोणपन्नास आले.

त्याच सकाळी वसतिगृहाच्या मालकिणीने, फाहिराबाईंनी, दोघींना सामानासकट जिन्यात गाठलं. दोघींचे पैसे देऊन तिघी झोपलात, म्हणाल्या. फुकट्या पोरी रोज येतात, मला ओळखू येत नाहीत असं वाटलं काय?

कातरिनेलने विचारलं, तिसरी कोण?

"ती लाल जाकीटवाली. तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवते आहे."

"जाकीट माझं आहे," इलिंका म्हणाली. "ती मीच."

फाहिराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू तर मला आत्ता पहिल्यांदा दिसतेस."

दोघी बाहेर पडल्या. इलिंकाला तिथूनच घरी परतायचं होतं. कातरिनेल चिडली. समुद्र दोन दिवसांवर आलाय आणि एका तऱ्हेवाईक म्हातारीचं ऐकून मागे फिरायचं? शेवटी असं ठरलं की स्प्लिटला जायचं, पण सॅक वाटेतच टाकायची.

मोस्तारच्या बसतळावर, भर दुपारी, इलिंकाने सॅक कचऱ्याच्या पिंपात टाकली. जाकीट, ताटली, सगळं. अंगावर फक्त स्वतःचे कपडे ठेवले. खूप हलकं वाटलं तिला. स्प्लिटची बस दोन वाजून दहा मिनिटांनी होती. कातरिनेल जागा धरायला पुढे गेली आणि इलिंका तोंड धुवायला.

चार मिनिटं. फार तर पाच.

ती परत आली तेव्हा बसचं इंजिन सुरू होतं. दाराशी वाहक उभा होता. तिने तिकीट पुढे केलं. त्याने ते पाहिलंच नाही. तिच्या डोक्यावरून बघत त्याने ड्रायव्हरला सांगितलं, सगळे आले, चल.

दार बंद झालं.

इलिंका खिडकीशी धावली. कातरिनेल आत बसली होती. शेजारच्या कुणाशी तरी हसून बोलत होती. पाव मोडून अर्धा तुकडा पुढे करत होती...

तो तुकडा घेणाऱ्या हाताला लाल बाही होती.

इलिंकाने काच बडवली. कातरिनेलने वळून बाहेर पाहिलं. नजर इलिंकाच्या आरपार मागच्या भिंतीवर गेली, आणि ती पुन्हा बोलायला लागली.

बस गेली.

इलिंकाने पिंपात पाहिलं. तळाशी फक्त केळीची सालं होती.

तिने फोन लावला. पाचव्या रिंगला कातरिनेलने उचलला.

"कोण बोलतंय?"

"अगं, मी इलिंका. मी खाली राहिले."



"हे बघा, ही कसली थट्टा आहे? इलिंका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे." आणि फोन बंद झाला.

इलिंका घरी कशी पोहोचली ते सगळं सांगत नाही. तीन बसेस, आणि एका ट्रकवाल्याची दया. मी दार उघडलं तेव्हा ती शेहेचाळीस किलो होती.

कातरिनेल दहा दिवसांनी आली. एकटी. मी तिच्या घरी गेले, तिने समुद्राचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत ती एका कडेला उभी आहे आणि शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली. मी विचारलं, इलिंकाला मागे का सोडलंस? तिला राग आला. सोडलं कुठे, म्हणाली, तिला समुद्र सोडवेना, तीच राहिली तिथे.

इलिंकाच्या तपासण्या मी तीनदा करून घेतल्या. रक्त, आतडी, थायरॉइड. सगळं ठीक. ती व्यवस्थित जेवते.

या रविवारी त्रेचाळीस भरली.

काल सकाळी बाजारात कातरिनेल भेटली. मिरच्यांच्या ढिगापाशी थांबून तिने माझी चौकशी केली, आईची केली. मग म्हणाली, "इलिंकाचा कालच फोन आला होता. छान अंग धरलंय म्हणे तिने. नाताळला घरी येणार आहे."

इलिंका माझा हात धरून शेजारीच उभी होती.

घरी येईपर्यंत मी दोनदा तिचा हात दाबून पाहिला.