काळा रंग दाखवा

दुकानात शिरताच तिचे डोळे दिपले. भिंतभर टीव्ही लागलेले, आणि प्रत्येकावर पोपट, नाहीतर फुलं, नाहीतर फुलांवर बसलेले पोपट. पुढे आलेल्या विक्रेत्याला तिनं सरळ सांगून टाकलं, "मला काळा रंग दाखवा. ज्याचा सगळ्यात चांगला असेल तो."

असं गिऱ्हाईक त्याच्या नशिबी आजवर आलं नव्हतं. त्यानं चष्मा वर सरकवला, तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. तिला ते आवडलं, पण इतक्या लवकर कबूल कोण करणार?

तिची अडचण खरी होती. तिच्या बाबांनी तीस वर्षं एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला होता. चित्रपटगृह बंद पडलं आणि त्या दिवसापासून त्यांनी सिनेमा पाहणंच सोडलं. घरातल्या टीव्हीवर रात्रसुद्धा करडी दिसते, म्हणायचे, आणि पाठ फिरवून बसायचे. दोन वर्षं झाली होती. लेकीला ते बघवत नव्हतं. नवा मोठा टीव्ही बाबांच्या मनास आला नाही, तर ते पुन्हा कुणाचं ऐकणार नाहीत, हे ती ओळखून होती.

विक्रेत्यानं पहिल्या दिवशी तिला काही विकलंच नाही. सोफा भिंतीपासून किती लांब आहे ते मोजून या, म्हणाला. ती मोजून आली, आठ फूट. मग म्हणाला, खिडकी कुठे आहे, ऊन कधी येतं? तेही ती पाहून आली. तिसऱ्यांदा आली ती तोंड पाडूनच. त्यानं सुचवलेला टीव्ही पासष्ट इंची, आणि दोन कपाटांच्या मध्ये तेवढी जागाच नव्हती, मग तो बसायचा कसा? त्याला हसू आवरेना. हे इंच आडवे नसतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, असं म्हणून त्यानं तिच्या टेपचं दुसरं टोक धरलं. दुकानातल्या टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याशी तो, खालच्या कोपऱ्याशी ती... मोजून केव्हाच झालं होतं, पण टेप सोडायची दोघांनाही घाई नव्हती.

मग त्यानं तिला सगळं नीट समजावलं. साध्या टीव्हीत पडद्याच्या मागे दिवे असतात, त्यामुळे अंधार दाखवतानाही थोडा उजेड झिरपतो. ओएलईडी नावाच्या टीव्हीत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. दिवसभर ऊन येणाऱ्या खोलीसाठी त्यानं साधाच दिला असता, पण तिच्या खोलीत पडदे ओढले की अंधार होत होता. दुकानात सगळे टीव्ही मुद्दाम भडक ठेवतात, त्याला भुलू नका, हे मात्र त्यानं कुजबुजत सांगितलं, कारण मॅनेजरसाहेब पलीकडेच उभे होते. त्यासाठी त्याला तिच्या जरा जवळ यावं लागलं.

रविवारी ती बाबांना घेऊन आली. बाबांनी सगळ्या पोपटांवरून एकदा नजर फिरवली, "हे सगळे नुसते ओरडतायत," म्हणाले आणि दाराकडे वळले. तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं.

तो तडक बटणांच्या फळ्याकडे गेला. भर दुपारी, भर गर्दीत त्यानं त्या दालनातले दिवे घालवले, मग एक सोडून सगळे टीव्ही. मॅनेजरसाहेबांनी आरडाओरडा सुरू केला. त्यानं लक्षच दिलं नाही. उरलेल्या एका टीव्हीचा भडकपणा उतरवला आणि एका सिनेमातला रात्रीचा रस्ता लावला. कंदील घेऊन एक माणूस चालला होता. टीव्हीच्या कडा कुठे संपतात ते दिसेना, नुसता कंदील हवेत तरंगत होता.

बाबा दारातच थांबले. परत आले.

"हा फार गुळगुळीत चालतोय," ते म्हणाले. "सिनेमा असा चालत नाही."

"हालचाल नितळ करायची एक सोय असते, काका. ती बंद करतो."

त्यानं ती बंद केली. बाबांनी एक खुर्ची ओढली आणि बसले, ते उठेचनात. बाकीची गिऱ्हाइकंही त्यांच्या मागे गोळा झाली, हाच हवा म्हणू लागली, आणि मॅनेजरसाहेबांचा राग जागच्या जागी निवळला.

टीव्ही बसवायला चष्मेवाला स्वतः आला. पडदे ओढले, सिनेमा लागला, बाबा पुढे सरसावून बसले. सोफ्यामागे ती दोघं उभी होती.

"एक सांगायचंय," तो हळूच म्हणाला. "सोफा, खिडकी, भिंत... हे सगळं मी पहिल्याच दिवशी विचारू शकलो असतो."

"माहीत आहे. मलाही एकाच खेपेत मोजता आलं असतं."

"तुम्ही पुन्हा यावं, म्हणून... म्हणजे, मला तुम्ही फार आवडता."

"मलाही तुम्ही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"बोलायचं असेल तर बाहेर जा," बाबा मान न वळवता म्हणाले. "सिनेमा चालू आहे."

दोन वर्षांत ते पहिल्यांदाच असे खेकसले होते. तिचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं. तिनं त्याचा हात धरला, त्याला बाहेर नेलं आणि दार अगदी आवाज न करता लावून घेतलं.