धोंडीराम गुरुजींचं अनुमोदन

अंबाजोगाईच्या शिक्षक परिषदेत धोंडीराम गुरुजींनी ठरावाला अनुमोदन दिलं, तेव्हा त्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं.

असं काही घडलेलंच नाही.

तर जे घडलं नाही, ते अगदी खरं सांगतो. साल १९९६. डिसेंबर. आणि रात्र नाही... भर दुपार. जेवणानंतरची. भुतांनाही डुलकी लागावी अशी.

धर्मापुरीपासून आत एका वस्तीवर दोन खोल्यांची शाळा. धोंडीराम गुरुजी वारले आणि चारही वर्ग एकट्या वीरभद्र गुरुजींच्या गळ्यात पडले. पहिलीला 'अ' गिरवायला लावायचा, पळत जाऊन चौथीला भागाकार द्यायचा, परत येईस्तो पहिली झाडावर. देशात म्हणे रोज नवी कंपनी येत होती. वस्तीवर एक मास्तर यायला तयार नव्हता.

म्हणून त्यांनी परिषदेत ठराव मांडला: एकशिक्षकी शाळेला तातडीनं दुसरा शिक्षक मिळावा. ठराव पडला, तर आणखी वर्षभर एकट्यानं ओढायचं. आणि ओढण्याइतकं अंगात काही उरलं नव्हतं.

अध्यक्ष विठ्ठलरावांनी माईकवर जांभई दिली.

"सूचक वीरभद्र गुरुजी. अनुमोदक कोण?"

मंडप गप्प. सगळे मास्तर जिलबी खाऊन पेंगत होते.

पद्धत साधी. सूचकामागं एकानं उठून 'अनुमोदन' म्हणायचं. कुणी म्हणालं नाही, तर ठराव पडला. वीरभद्र गुरुजींच्या प्रत्येक ठरावाला आजवर धोंडीराम गुरुजीच उठायचे. त्यामुळं यंदा कुणाला सांगून ठेवावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"आप्पा, ऊठ की बे," त्यांनी शेजारच्या आप्पाराव मास्तरांना कोपर मारलं.

"ठराव तुझा, मी कावून उठू? लई जेवलोय. उठलो तर समदं भायेर येईल."

"अनुमोदक नाही? मग हा ठराव..."

तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं.

कोरडा, लांबत जाणारा खोकला...

"अनुमोदन."

"मंजूर!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी निम्मे मास्तर जागे झाले.

वीरभद्र गुरुजी वळले.

शेवटच्या रांगेत कुणीच नव्हतं. नुसत्या खुर्च्या.

"आप्पा... कोण बोललं?"

"धोंडीराम. आजून कोण?" मग आप्पारावांचा चेहरा हळूहळू उतरला. "पण त्यो तर न्हाई ना आता?"

"न्हाई."

"मग चल, च्या पिऊ."

सोमवारी पहिलीला गिरवायला लावून गुरुजी मागं वळले.

तिसरी-चौथीचा नेहमीचा गोंगाट नव्हता.

पलीकडच्या खोलीतून सतराचा पाढा येत होता... एका सुरात.

त्यांनी तर तेराच्या पुढं शिकवलंच नव्हतं.

ते धावत गेले. पोरं मांडी घालून रांगेत. फळा भरलेला. खुर्ची रिकामी.

"कोण शिकवतंय गं?"

"धोंडीगुरुजी," चौथीतली कावेरी म्हणाली. "आत्ताच खोकायला भायेर गेलेत."

व्हरांड्यात कुणी नव्हतं.

खोकला मात्र होता...

वीरभद्र गुरुजी परत पहिलीच्या वर्गात आले आणि खुर्चीवर बसले. वर्षभरात पहिल्यांदा. भीती वाटली. पण निदान बसून वाटली.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दुसरा मास्तर मिळाला होता, कसा का असेना.

पण खोकला वाढत गेला. एका संध्याकाळी पोरं घरी गेली, आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीतून दमलेला आवाज आला...

"वीरभद्रा... लई दम लागतोय बे. वाटलं व्हतं, मेल्यावर तरी सुट्टी आसंल."

"मग जा की, धोंड्या."

"अन् पोरं?"

एकट्याला पुन्हा चार वर्ग... पुन्हा ती पळापळ. तरी वीरभद्र गुरुजींनी कागद पुढं ओढला.

"मा. साहेबांचे सेवेशी. विनंती अर्ज करतो की, ठरावानुसार आमच्या शाळेत रुजू झालेले कै. धोंडीराम गुरुजी यांची प्रकृती पाहता त्यांना तात्काळ कार्यमुक्त करण्यात यावे. बदली शिक्षकाने प्रत्यक्ष पदभार घेतल्याशिवाय ते जाण्यास तयार नाहीत. तरी बदली शिक्षक त्वरित पाठवावा. तो हयात असावा, ही नम्र विनंती."