ऐंशी दिवसांची झोप

सन २०७१ मध्ये हिवाळ्याला कुलूप होतं आणि त्याची किल्ली डॉ. मुकुल रिसबूड यांच्या खिशात असायची. वैनगंगेचं पाणी जानेवारीतही पंचवीस अंशांखाली उतरेनासं झाल्यावर काठावर ऋतुपेटी बांधली होती. खोलीएवढी थंड टाकीच ती, गेरूपाठी कासवांसाठी तिच्यात हिवाळा तयार केला जाई. जगात या जातीच्या सात माद्या उरल्या होत्या. सातही म्हाताऱ्या. पिल्लं व्हायची तर यंदाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची देखभाल पार्बता नान्हे करायची. नदीत मासे धरणाऱ्या ढिवराची लेक, कासवं ओळखण्यात डॉक्टरांना वरचढ. यांना झोपवायचं तरी कशाला, असं तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं आणि डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. शीतनिद्रेत कासवाचं हृदय अगदी सावकाश चालतं, खाणं बंद होतं, अंगातली चरबी शिल्लक राहते. सलग ऐंशी दिवस थंडी सोसली की शरीराला वाटतं, हिवाळा संपला. मग तीच चरबी अंड्यांच्या बलकाला लागते. झोप मध्येच मोडली तर जागं झालेलं शरीर ती चरबी स्वतःसाठी जाळून टाकतं. पुन्हा झोपवावं, तर अंगात काही उरलेलं नसतं आणि मादी मरते.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसानं त्रेचाळिसाव्या दिवशी पेटी उघडली. कारण काय, तर मंत्र्यांना पेटीच्या रखडलेल्या उद्घाटनासाठी तीच तारीख सोयीची होती. आत हालचाल दिसली पाहिजे, निजलेली कासवं कोण बघणार, असं त्यांच्या सचिवानं बजावलं होतं. पार्बतानं हात जोडले. बाजूच्या तळ्यातले नर दाखवा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वरून आदेश आहे, आणि दोन तासांनी असं काय बिघडतं? दोन तास म्हणे! टाकीचं पाणी कोमट करायलाच तीन दिवस लागले.

फीत कापली. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. सर्वांत मोठ्या मादीच्या पाठीवर हळदकुंकू वाहून तिला झेंडूचा हार घातला. ती मान आत ओढून बसली, तेव्हा कुणीतरी तिला काडीनं ढोसलं. फोटो फार छान आले. लाज मात्र त्या मांडवात औषधालाही नव्हती.

मार्चमध्ये नर आणून सोडले. माद्या त्यांच्यापासून दूर जात राहिल्या. वाळूत एकही खळगा झाला नाही. तपासणी केली तेव्हा सातही जणींच्या पोटातली अंडी जिरून गेलेली होती.

डॉक्टरांनी अहवाल लिहून पार्बतापुढे सहीला ठेवला. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते : माद्या वांझ.

पार्बतानं ते पुन्हा वाचलं. याच शब्दावर तिला सासरहून परत पाठवलं होतं. नवऱ्याची तपासणी कुणी केली नव्हती.

"सायेब, यायले कोनं उठवलं थे लिवा."

"त्याला रकाना नाही, पार्बताबाई."

"मंग मी सही नाई करत."

डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता कागद ओढून घेतला. देखभाल करणाऱ्याची सही नसली तरी चालत होतं. संध्याकाळपर्यंत अहवाल मंजूर झाला आणि जगातल्या शेवटच्या सात माद्या सरकारदरबारी वांझ ठरल्या.