नाचवालय

“ही माझी गाडी नाही!”

भंगाराच्या आवारात उभ्या असलेल्या निळ्या व्हॅनचं दार आजोबांनी उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं.

“अहो बाबा, तुमचीच पुस्तकांची गाडी आहे!” मामा म्हणाला. मामाची घाई म्हणजे काय विचारता! आंघोळीआधी अंग पुसणारा माणूस! “निळी आहे, जुनी आहे, आणखी काय हवं? रंग देऊ, फळ्या ठोकू आणि नव्या वाचनालयाच्या अंगणात उभी करू!”

“पण खात्री?” आजोबांची थोरली नात, ताईने विचारलं.

भंगारवाले काका हसले. “खात्री कसली, बाई! इंजिनं केव्हाच काढली, नंबरपाट्या सगळ्या एकाच पिंपात. तुमची पाटी त्यात मिळाली, पण ती कुठल्या गाडीची, कोण सांगणार? निळ्या गाड्या दोन आहेत. ही त्यातल्या त्यात बरी दिसली, म्हणून हिचीच अर्धवट पुसलेली अक्षरं रंगासाठी खरवडून ठेवली.” त्यांनी खरवडलं होतं पात्याने, त्यामुळे गाडीच्या अंगावर मांजरांनी भांडण केल्यासारखे ओरखडे उठले होते.

दुसरी निळी व्हॅन मागे गवतात उभी होती. तिच्या अंगावर हे एवढं मोठं पांढरं स्टिकर, त्यावर ‘ताजी अंडी’, आणि मधोमध प्लास्टिकची फुगीर कोंबडी! ती उद्या भट्टीत वितळायला जाणार होती.

परत निघताना मामा मुलांना बाजूला घेऊन कुजबुजला, “आजोबांचं वय झालं रे आता. डोक्यात गोंधळ होतो. डॉक्टरांना दाखवायला हवं.”

आजोबांनी ते ऐकलं. घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “असेल बाबा, तीच असेल. मीच विसरलो असेन.” आजोबा स्वतःवरच अविश्वास दाखवतायत, हे काही मुलांना बघवेना.

“आजोबा खोटं बोलत नाहीत!” मामाची मुलगी चिमटी रडवेली झाली.

“आणि विसरतही नाहीत!” ताईचा धाकटा भाऊ भोपू गरजला. त्याचं नाव भोपू का पडलं, ते त्याने तोंड उघडलं की कळायचं.

मग तिघं गेली ताई-भोपूच्या आईकडे. आईने भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. फोटोत गाडीचं फक्त तोंड दिसत होतं, शेजारी तरुण आजोबा आणि पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी.

“ही मी! सुट्टीभर या पायरीवर बसून पुस्तकं वाटायचे. गल्लीत हॉर्न वाजला की पोरं चपला न घालता धावायची. पुस्तकांचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास यायचा... तो अजून मला कुठे मिळाला नाही बघ.” आई फस्सकन हसली. “बाजूला अक्षरं चिकटवायचा मान माझा होता! ‘फिरतं वाचनालय’. मी अगदी चिमटीएवढी. घाईत चिकटवलं ‘फिरतं नाचवालय’!”

“नाचवालय!” तिघं खो खो हसली.

“आठवडाभर लोक विचारत होते, नाच कधी सुरू होणार? मी रडून घर डोक्यावर घेतलं. तर बाबा म्हणाले, असू दे, चांगलं पुस्तक वाचलं की मन नाचतंच! पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी दलालामार्फत विकावी लागली. कोणाला, ते आम्हाला कळलंच नाही. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.”

ताईचं मात्र लक्ष भिंतीकडे होतं. फोटो होता तेवढाच चौकोन गडद राहिला होता. बाकीची भिंत फिकट!

“भोपू! अक्षरांखालचा रंगसुद्धा असाच राहिला असेल! अक्षरं काढली तरी त्यांची सावली राहणार!”

“पण ती गाडी तर खरवडली...”

“ती नाही रे! कोंबडीवाली! त्या स्टिकरखाली काय आहे, कोणी पाहिलंय?”

सकाळी तिघं आवारात हजर! बरोबर आईचा केस वाळवायचा ड्रायर, मासे धरायचा चिवट दोरा, डोक्याला लावायचं तेल आणि मऊ फडकी.

“लवकर आटपा, क्रेन निघालीये!” भंगारवाले काका म्हणाले. मामाही तिथेच होता. त्याने लगेच पेचकस उचलला. “एवढंच ना? खरवडून देतो!”

“मामा, हात लावू नकोस!” ताई ओरडली. “रंग गेला तर सगळंच गेलं! आई बरणीवरचं लेबल काढते तसं काढायचं. आधी ऊब, मग धीर!”

ताईने ड्रायर फिरवत ठेवला, एका जागी थांबवला नाही. कोपरा मऊ झाला. भोपूने तो नखाने न उचकटता बोटाने सोडवला आणि हळूहळू मागे दुमडत ओढला. कोंबडी मात्र हलेना. मग तिच्यामागे दोरा घातला, दोन्ही टोकं धरून करवतीसारखा मागेपुढे ओढला. फट्! कोंबडी भोपूच्या मांडीत!

तेवढ्यात क्रेन आली. चिमटी तडक जाऊन गाडीच्या पुढ्यात मांडी ठोकून बसली. “आधी मला उचला!”

“काका, थांबा!” भोपूचा आवाज ऐकून क्रेनवाल्याने इंजिनच बंद केलं.

ताईने तेलाच्या फडक्याने उरलेला गोंद पुसला. फिकट निळ्यावर गडद निळं उमटायला लागलं. फि... र... तं...

“ना,” मामाने वाचलं. “हात्तिच्या! वाचनालयात ‘ना’ आधी कसा येईल? ही गाडी दुसरीच!”

“पुढे वाच, मामा!” ताई हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

“च... वा... ल... य.” मामा मटकन टायरवर बसला. आपल्या बहिणीची ही गोष्ट त्यानेही लहानपणी शंभरदा ऐकली होती.

आई आजोबांना घेऊन आली. आजोबांनी त्या ‘ना’वरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही.

“बाबा, चुकलो,” मामा म्हणाला. “गोंधळ तुमच्या डोक्यात नव्हता, माझ्या घाईत होता.”

“जाऊ दे रे. शाबास, पोरांनो! गाडी तर सापडलीच, पण तुम्ही मला माझ्यावरचा विश्वास परत दिलात.” आजोबांनी तिघांना जवळ घेतलं.

गाडी वाचनालयाच्या अंगणात आली. पुसून लख्ख झाली. मामा नवी अक्षरं घेऊन आला, आणि या वेळी क्रम नीट तपासून आला होता! आजोबांनी ती सगळी डब्यात ओतून त्यांची सरमिसळ केली आणि डबा आईपुढे धरला.

“घे. सावकाश लाव. आणि हो, बरोबर चुकव!”