तळहाताखालचा श्वास

उठवू नकोस गं त्या पिल्लाला. कुत्र्याचं पिल्लू झोपेत असाच श्वास घेतं, भराभर. पाय झाडतं, ओठ हलवतं, मग एक लांब उसासा टाकून शांत होतं. त्याला काही झालेलं नाही. तुम्हाला भुताची गोष्ट पाहिजे होती ना? मग इकडं सरका. माझा आवाज आता मोठा निघत नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगायचीही नाही.

चव्वेचाळीस साल. पौषातली अमावास्या. माझा दोस्त पेमा वाशीमला औषध आणायला गेला होता. पेमा आपल्या कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातला. त्याचा एक बैल, माझा एक, अशी आमची सावड. त्याच्या दीड वर्षाच्या लेकीला, मिराला, डबा झाला होता. डबा म्हणजे लेकराचं पोट उडतं, श्वास धावतो. तुमचे डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात. नाव काहीही ठेवा, तेव्हा पोरं त्यानं पटापट जायची.

पेमा निघाला तेव्हा त्याच्या चुलत्यानं, हिरासिंगनं, पेमाच्या बायकोला बजावलं, "धुरपता, पोरीच्या पोटावर हात ठेवून बस. श्वास धावून राहिला तवर जागी राहा. लांब उसासा टाकला अन् श्वास हळू झाला, की समज ताप उतरला."

म्हातारा खोटं बोलला नव्हता. पण मिरा भुऱ्याशिवाय झोपत नसे. भुऱ्या म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू. दोघं एकाच गोधडीत. लढाईच्या दिवसांत रॉकेल कुठलं मिळायला? खोपीत मिट्ट काळोख. धुरपता तीन रात्रींची जागी. तिनं गोधडीवरून हात ठेवला. श्वास धावत होता. मध्यरात्रीनंतर एक लांब उसासा आला आणि श्वास हळू झाला. बाई आनंदानं रडली म्हणे. हात तसाच ठेवून तिचा डोळा लागला.

उजाडताना पेमा बाटली घेऊन आला. त्यानं गोधडी उघडली. धुरपताच्या हाताखाली भुऱ्या होता.

मिरा पलीकडे होती. थंड.

पाणी द्या रे जरा.

पोरीला पुरलं. धुरपता कुणाशी बोलेना. पेमाला पिल्लाचं तोंड बघवेना, त्यानं त्याला दाराबाहेर बांधलं. मुक्या जनावराचा काय दोष? पण दुःखाला राग काढायला कुणीतरी लागतं.

तिसरी रात्र. कोंबडं आरवायला अजून बराच वेळ होता. पेमाला जाग आली. धुरपता अंधारात बसलेली. हात रिकाम्या गोधडीवर.

"झोप आता," पेमा म्हणाला.

"ऐका..."

त्यानं ऐकलं. श्वास. बारका. भराभर.

"भुऱ्या आत आला असंल."

"भुऱ्या भाईर हाय. कुईकुई करून राहिला."

खरंच. बाहेर भुऱ्या कण्हत होता. पेमानं हात पुढं केला. हाताखाली गोधडी वर आली. खाली गेली. वर. खाली.

त्यानं हात मागं ओढला. धुरपतानं मनगट धरलं.

"भिऊ नका. आपलीच हाय... त्या राती मी चुकीच्या जागी हात ठेवला. माझं लेकरू एकटंच गेलं. आज न्हाई जाऊ देणार एकटं."

दोघांनी हात ठेवले. श्वास धावला... अडखळला... धावला. मग हळू झाला. मग एक उसासा. लांब.

त्यांनी पुढच्या श्वासाची वाट पाहिली.

...

आला नाही.

तेव्हा धुरपता पहिल्यांदा मोठ्यानं रडली. अख्खा तांडा जागा झाला. सकाळी तिनंच भुऱ्याला सोडून आत घेतलं.

हे मला पेमानं सांगितलं. सावडीतला माणूस खोटं बोलत नाही, त्यानं लबाडी केली तर आपल्याच बैलाच्या मानेवर वळ उठतात. तरी मी मनात म्हटलं, पोरीच्या दुःखानं दोघांनाही भास झाला असेल.

भुऱ्या पुढं बारा वर्षं जगला. रोज त्याच गोधडीवर निजायचा, पण अगदी कडेला, अंग चोरून. मधली जागा मोकळी सोडायचा. एका पौषात मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. भुऱ्या पेमाबरोबर पहाटेच रानात गेलेला. धुरपता दारात ज्वारी पाखडत होती. गोधडी आत तशीच अंथरलेली. माझी नजर तिकडं गेली, तशी ती सूप थांबवून म्हणाली, "भाऊ, हात लावून पाहा."

मी वाकलो. भुऱ्याच्या जागेवर हात ठेवला. पौषातल्या दगडासारखी गार.

मग मधल्या जागेवर ठेवला.

ती कोमट होती.