सात नंबरचा ठिपका

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आफताबला मी शाळेपासून ओळखतो. बाता मारणाऱ्यांतला तो नाही... आणि हे सांगताना त्याची मान खाली होती.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीचा एक गुरुवार, दुपारचे साडेतीन. जागा, खराडीतल्या एका आयटी ऑफिसचा पाचवा मजला.

आफताब तिथे टेस्टिंगला होता. काम लष्कराचं. कुठली गाडी कुठे आहे, हे अधिकाऱ्यांना एका पडद्यावर दिसावं, अशी यंत्रणा. नकाशाचा भाग कंपनीने स्वतः लिहिला नव्हता. बाजारातलं तयार सॉफ्टवेअर आणून जोडलं होतं, कुरिअरवाले आपल्या गाड्यांवर नजर ठेवायला वापरतात तसलं. प्रत्येक गाडीत ठावठिकाणा पाठवणारा एक सेट, पडद्यावर त्याचा एक निळा ठिपका.

चाचण्यांना लष्कराकडून सुभेदार हिंमतराव यायचे. वाघोलीचे. येताना घरची शेंगदाण्याची चटणी आणायचे, सगळ्यांना पुरेल इतकी.

चूक त्यांनीच पकडली.

"आफताब साहेब, सेट बंद केला तरी ठिपका तिथंच हाय की. माणूस थांबलाय का सिग्नल गेलाय, कसं कळायचं?"

आफताबला ते दोन आठवडे आधीच कळलं होतं. पण आतला कोड होता सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडे. दुरुस्ती मागितली तर तीन महिने. मुदत चार दिवसांवर.

त्याच्या मॅनेजर नम्रता मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं का? नेक्स्ट व्हर्जनला बघू."

त्याने लिहिलं नाही. सही ठोकली.

आणि हिंमतरावांना म्हणाला, "लिहिलंय मी. होईल दुरुस्त."

"मग झालं!" म्हणाले ते. पुन्हा विचारलं नाही.

चार महिन्यांनी डोंगरात सराव होता. हिंमतरावांची गाडी ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेली. पडद्यावर मात्र सात नंबरचा ठिपका टेकडीवर... सुखरूप. शोध सुरू व्हायला पाच तास गेले. ते खडकाला धरून बराच वेळ जिवंत होते, असं डॉक्टर म्हणाले.

माणूस सापडला. सेट सापडलाच नाही.

चौकशीत आफताबचा रिपोर्ट निघाला. स्वच्छ. त्याला कुणी एका शब्दानंही विचारलं नाही.

तोही बोलला नाही.

मग तो गुरुवार. लॅबमध्ये आफताब एकटा, बाकीचे मीटिंगला. सगळे सेट कपाटात, बॅटऱ्या काढलेल्या. त्याने यंत्रणा नुसती सुरू केली...

नकाशावर एक ठिपका उमटला.

सात.

डोंगरात नाही. खराडीत. ऑफिससमोरच्या रस्त्यावर.

जुना डेटा असेल, म्हणून त्याने तो पुसला. ठिपका परत आला... गेटच्या आत.

एसीची घरघर थांबली. शेजारच्या हॉलमधली बडबड थांबली. खालचे हॉर्नसुद्धा...

आणि जिन्यात बूट वाजले.

चप्... चप्... चप्...

पाण्यानं भरलेले बूट.

दार उघडलं नाही. तरी बूट आत आले.

त्याच्या खुर्चीमागे थांबले.

मानेवर एक थेंब पडला. बर्फासारखा गार. गढूळ पाण्याचा वास.

मागे वळायची त्याची छाती झाली नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मोजकेच तयार संदेश होते. पोहोचलो. उशीर होतोय. मदत हवी. पडद्यावर आता तेच येऊ लागले... एकच संदेश, पुन्हा पुन्हा.

मदत हवी. ९:१२.

मदत हवी. ९:२०.

मदत हवी. ९:३१.

तारीख त्या सरावाची. शेवटचा संदेश दुपारी १:४० चा.

तेव्हा शोधाला कुणी निघालंसुद्धा नव्हतं.

"चुकलो, सुभेदार साहेब... खोटं बोललो मी तुमच्याशी," आफताब पुटपुटला.

एसी सुरू झाला. पडदा कोरा. फरशी कोरडी.

नम्रता मॅडमनी सगळं तपासलं. "कसलीच नोंद नाहीये, आफताब. घरी जा, झोप काढ."

तो घरी गेला नाही. चौकशी अधिकाऱ्यांना त्याने सगळं लिहून दिलं. यंत्रणा थांबवली गेली, दोष दुरुस्त झाला. आफताबची नोकरी गेली.

मग तो वाघोलीला गेला. हिंमतरावांच्या पत्नी, मुक्ताई, दारातच बसल्या होत्या. त्याने रिपोर्टचं सांगितलं, सहीचं सांगितलं, त्या दुपारचंही.



"घरी तुमचंच नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. "लिहिलंय म्हनला म्हंजी लिहिलं आसनार, पोरगा खोटा न्हाई, असं म्हनायचे."

आफताबला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तुमच्याकडं आले तवा... काय बोलले का वो?"

मदतीचे ते संदेश त्याच्या डोळ्यांपुढे होते.

"नाही," आफताब म्हणाला.

त्या उठल्या. चहा टाकला त्याला.

ते "नाही" मुक्ताईंसाठी होतं की स्वतःसाठी, हे त्याला आजही ठरवता येत नाही. मला विचारतो. मी काय सांगणार? ते मागे उभं होतं ते काय होतं, हेसुद्धा मला सांगता येत नाही.

हे लिहू का, म्हणून मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, नाव बदल म्हणेल.

"लिही," तो म्हणाला. "नाव माझंच ठेव. मुक्ताईंना कुणी वाचून दाखवलं... तर दाखवू दे."