कधीतरी चहाला या

"भिंतीपलीकडच्या माणसात जीव अडकवू नकोस, पोरी," समोरच्या घरातल्या मिसेस हेग मला म्हणाल्या होत्या. "मन मोडलं तरी कचऱ्याचे डबे दोघांना एकाच सकाळी बाहेर ठेवावे लागतात."

मी हसले. शेजाऱ्याकडे एक पार्सल आणायला गेले होते, एवढंच तर झालं होतं!

शेफील्डच्या त्या चढावरच्या गल्लीत मी नवीनच होते. आमच्या इंग्लंडमधली रीत अशी, की दार उघडलं नाही तर पार्सलवाला वस्तू शेजारी देऊन जातो. त्या दुपारी मी भिजत घरी आले आणि शेजारची बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, विस्कटलेल्या केसांच्या माणसाने. एका पायात मोजा, कानामागे स्क्रूड्रायव्हर. मागच्या खोलीत कुठलासा जुना रेडिओ खरखरत होता.

"माफ करा, तुमचं पार्सल माझ्याकडे आलंय," तो म्हणाला.

"माफ करा, तुम्हाला उगाच त्रास..."

"नाही नाही, माफ करा, थोडं ओलं झालंय..."

माफी मागण्यासारखं दोघांनीही काही केलं नव्हतं. त्याचं नाव रूफस ओल्डरॉइड. लोकांचे जुने रेडिओ तो घरी बसून दुरुस्त करायचा. पार्सल देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि आम्ही दोघांनी पुन्हा एकदा माफी मागितली.

"कधीतरी चहाला या," तो म्हणाला.

"हो, नक्की... कधीतरी," मी म्हणाले.

आता आमच्याकडे 'कधीतरी चहाला या' याचा अर्थ 'बरं, निघा आता' असाच होतो, हे मला शाळेपासून ठाऊक. खरंच जाऊन बसलं तर समोरच्याची काय धांदल उडेल! म्हणून मी गेले नाही. पण दोन्ही घरांमधली भिंत एकच, आणि ती होती पातळ. तिच्यातून त्याची शीळ ऐकू यायची, मेलेला रेडिओ एकदम गाऊ लागला की त्याचं खुशीतलं "अरे व्वा!" ऐकू यायचं... आणि माझं काम तिथंच थांबायचं.

मग मला वेडच लागलं. मी काय काय मागवत सुटले! आणि पार्सलवाल्याने बेल वाजवली, की किटलीखालचा गॅस बंद करून सोफ्यामागे पालथी. श्वास रोखून. तो कंटाळून शेजारी जायचा. मी जरा वेळाने केस नीट करून रूफसच्या दारात.

"आज काय आलं?" रूफस विचारायचा.

"किसणी."

"गेल्या आठवड्यातही किसणीच होती ना?"

"ती... जाड किसायची."

"बाप रे. तुमच्या घरात चीजला फार जपून राहावं लागत असेल."

हसताना त्याचा डावा डोळा किंचित मिटायचा. आणि शेवटी न चुकता तेच, "कधीतरी चहाला या." मीही न चुकता, "हो, कधीतरी." किती सभ्य माणूस, असं मनात म्हणत मी खट्टू होऊन घरी यायचे.

वसंतात एका सकाळी त्याच्या दाराबाहेर पाटी दिसली. घर भाड्याने देणे आहे. मी ती दोनदा वाचली. तेवढ्यात बेल वाजली आणि मी सवयीने सोफ्यामागे! पार्सलवाल्याने शेजारची बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. पावलं रस्ता ओलांडून गेली. आणि थोड्याच वेळात माझ्या दारावर धाडधाड.

"इमोजेन! नीघ त्या सोफ्यामागून! तुझे पाय दिसतात माझ्या खिडकीतून, रोज दिसतात!"

मी दार उघडलं. मिसेस हेग पार्सल काखेत मारून उभ्या होत्या.

"तो पेन्झन्सला चाललाय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. समुद्राजवळ दुकान घेतलंय. आता मागच्या अंगणात खोकी बांधतोय. मला विचारत होता, तिला माझ्याकडचा चहा नकोसा का वाटतो म्हणून."

"पण ते नुसतं म्हणायचं असतं ना! आपल्याकडे सगळेच म्हणतात."

"तो दरवेळी दोन कप मांडून दार उघडतो, गधडे. मला माझ्या खिडकीतून तेही दिसतं." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या भिंतीपलीकडे आर्थर राहायचा. मीही 'कधीतरी' म्हणत राहिले. एके दिवशी त्याचा डबा बाहेर आलाच नाही. दुसऱ्या गावी निघून गेला होता... जा आता. उभी काय राहिलीस?"

मी अनवाणी पळाले. रूफस अंगणात गुडघ्यावर बसून दोरी बांधत होता.

"मी चहाला आलेय," मी धापा टाकत म्हणाले. "कधीतरी नाही. आत्ता."

त्याच्या हातातली दोरी सुटली. "किटली खोक्यात गेलीय."

"मग माझी आणते. पण... आधी ऐका. मी दरवेळी घरीच असायचे."

"माहीत आहे."

"काय?"

"बेल वाजली, की तुमची शिट्टी मारणारी किटली मध्येच गप्प व्हायची. भिंत पातळ आहे."

माझे कान तापले. "मग पार्सल का घ्यायचात?"

"नसतं घेतलं, तर तू मिसेस हेगकडे गेली असतीस," तो म्हणाला... आणि त्या 'तू'पाशी आम्ही दोघंही थांबलो. या वेळी माफी कुणीच मागितली नाही.

आता आम्ही पेन्झन्सला राहतो. किसण्या सगळ्या आहेत, शिवाय एक छोटी मुलगी, जिचा श्वास मी झोपेतही ऐकत असते. मिसेस हेग दर रविवारी फोनवर तिचं बोबडं बोलणं ऐकतात. पण परवा त्या लवकर दमल्या. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "मी अगदी ठीक आहे." आमच्याकडच्या त्या 'अगदी ठीक'ची मला आता धडकी भरते. पोरीला ताप आहे, रूफसला कणकण. इतक्या लांब मला लगेच निघता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी शेफील्डला असाल, तर हॉलिस गल्लीतल्या मिसेस हेगच्या लाल दारापर्यंत जाऊन याल का? कचऱ्याचा डबा बाहेर आलाय का, पाहा. बेल वाजवा. त्या नक्की म्हणतील, "कधीतरी चहाला या."

तिथून हलू नका. सरळ आत जा, आणि किटली तुम्हीच ठेवा.